लेकीला लस, आईला तपासणी

(महिला बचत गटांसाठी सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

  हातातलं काम थांबवू नका. शेंगा फोडत असाल, ज्वारी निवडत असाल, तर निवडत निवडत ऐका. फक्त घरात दहा-बारा वर्षांची लेक असेल तर तिलाही हाक मारून जवळ बसवा. आजचं बोलणं तिच्याबद्दलही आहे.

लस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढं तान्हं लेकरू येतं. जन्मल्याबरोबर बीसीजी, मग पोलिओचे थेंब, दीड महिन्याला मांडीतली सुई, नऊ महिन्यांला गोवराची. या सुयांचं मोल आपल्याला कुणी पटवून द्यायची आता गरज नाही. आपल्या आज्यांनी देवीचे व्रण चेहऱ्यावर वागवले. आपल्या पिढीनं देवी पाहिलीच नाही. पोलिओचा आपल्या देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला, त्याला किती वर्षं झाली बघा. हे लसीमुळं झालं.

पण आज मी वाढत्या वयाच्या मुलीला द्यायच्या लसीबद्दल बोलणार आहे. ही लस कॅन्सरपासून वाचवते. कोणता कॅन्सर? गर्भपिशवीच्या तोंडाचा. डॉक्टर त्याला गर्भाशयमुखाचा कर्करोग म्हणतात. आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा रोग झाल्याचं कळतं आणि पंचाहत्तर हजारांहून जास्त बायका त्यानं जातात. बऱ्याच जणी चाळिशी-पन्नाशीच्या. घर त्यांच्या जिवावर चालतं, त्या वयातल्या.

आता कुणी म्हणेल, कॅन्सर काय लागण होणारा रोग आहे का, की त्याला लस असावी? कॅन्सर एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे खरं. पण हा कॅन्सर ज्याच्यामुळं होतो तो विषाणू लागतो. त्याचं नाव एचपीव्ही. १९८३ मध्ये हॅराल्ड त्सूर हाउझेन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी या कॅन्सरच्या गाठीत हा विषाणू दाखवून दिला. त्याबद्दल २००८ साली त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

हा विषाणू नवरा-बायकोच्या संबंधांतून येतो. लाजायचं कारण नाही. जगातल्या बहुतेक बायका-पुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी होऊन जातो आणि त्यांना कळतही नाही. सर्दीसारखा येतो, वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला हाकलून देतं. म्हणून एखादीला तो निघाला तर तिच्या वागण्यावर किंवा तिच्या नवऱ्याच्या वागण्यावर बोट ठेवायचं नाही. थोड्या जणींच्या अंगात मात्र तो मुक्काम ठोकतो. पिशवीच्या तोंडावरच्या पेशी हळूहळू बिघडवतो. त्या बिघाडाचा कॅन्सर व्हायला दहा, पंधरा, वीस वर्षं लागतात. म्हणजे आज तिशीत असलेल्या बाईच्या अंगात काही बिघडत असेल, तर ते पकडायला आपल्या हातात वर्षं आहेत. बहुतेक रोग एवढा वेळ देत नाहीत.

मैत्रिणींनो, ही माहिती कुठून कुठून आली, ते तुम्हाला सांगायचं आहे. कारण त्यात आपल्या भागातल्या बायकांचा मोठा वाटा आहे आणि हे आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

लातूरहून बार्शीवरून पंढरपूरला जाणारी ती छोटी रेल्वे तुमच्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. त्या बार्शीत नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल आहे. तिथं १९८७ मध्ये खेड्यातल्या कॅन्सर रुग्णांची नोंदवही सुरू झाली. गावोगावी फिरून कुणाला कॅन्सर झाला, कोणता झाला, पुढं काय झालं, याची पद्धतशीर नोंद. शहरांत अशा नोंदी होत होत्या, पण खेड्यासाठी देशातली ही पहिलीच. डॉ. नेने, डॉ. कस्तुरी जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम केलं. त्या नोंदींतून दिसलं की आपल्याकडच्या बायकांत या कॅन्सरचं प्रमाण मोठं आहे आणि बाया दवाखान्यात येतात त्या फार उशिरा. मग कार्यकर्ते गावात जाऊन नुसतं बोलायला लागले. लक्षणं काय, कुठं जायचं, लवकर आलं तर बरं होतं, एवढंच. काही वर्षांतच बाया आधीच्या टप्प्यात यायला लागल्या. कुठलंही मोठं यंत्र नव्हतं. बोलणं होतं. तुम्ही दर महिन्याला गटाच्या बैठकीत बसता, म्हणून हे मुद्दाम सांगते.

त्यानंतरचं काम त्याहून मोठं. १९९९ मध्ये मुंबईचं टाटा हॉस्पिटल, बार्शीचं हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था यांनी मिळून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक अभ्यास हाती घेतला. १९८२ पर्यंत लातूर त्याच जिल्ह्यात होतं, म्हणजे आपलाच मुलूख. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त बायका या अभ्यासात होत्या. गावांचे चार भाग केले. एका भागात एचपीव्ही विषाणूची तपासणी एकदाच केली. दोन भागांत दुसऱ्या दोन पद्धतींनी तपासणी केली. चौथ्या भागात माहिती दिली, पण गावात तपासणी ठेवली नाही. पुढची आठ वर्षं लक्ष ठेवलं.

२००९ मध्ये निकाल छापून आला. जिथं विषाणूची तपासणी एकदाच झाली होती, त्या भागात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या. जिथं तपासणी नव्हती तिथं, बायकांची संख्या थोडी कमी असूनही, ६४ गेल्या. आयुष्यात एकदा केलेल्या तपासणीनं मरण जवळपास निम्म्यावर आलं. जगभरचे डॉक्टर आज ही तपासणी करा म्हणून सांगतात, तेव्हा त्या सल्ल्यामागं धाराशिवच्या शेतमजूर बायका आहेत. त्या ६४ जणींवरून पुढं वादही झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. त्यांचीही तपासणी का नाही केली, असं लोकांनी विचारलं. त्यांचं ऋण आपल्यावर आहे, असं मला वाटतं. ते फेडायचं तर ज्याच्यासाठी त्या गेल्या, ती तपासणी आपण करून घ्यायची.

आता लसीकडं येऊ.

लस कशी बनते ते आधी सांगते, कारण भीती तिथंच असते. विषाणू म्हणजे समजा भुईमुगाची शेंग. रोग उगवतो तो आतल्या दाण्यातून. टरफल पेरलं तर काही उगवत नाही. शास्त्रज्ञांनी पावाच्या खमिरासारख्या सूक्ष्म जिवाकडून या विषाणूचं नुसतं टरफल बनवून घेतलं. आत दाणा नाही. ही फोल शेंग म्हणजे लस. ती टोचली की शरीर टरफल ओळखायला शिकतं. उद्या खरी शेंग आली की दारातच अडवतं. या लसीतून रोग होऊ शकत नाही, तो याच कारणानं.

२००६ पासून ही लस जगात मिळायला लागली. ऑस्ट्रेलियानं २००७ मध्ये मुलींना देणं सुरू केलं. आफ्रिकेतल्या रवांडानं २०११ मध्ये शाळाशाळांतून दिली. हा काही श्रीमंत देश नाही. तरी तिथं शंभरातल्या नव्वदहून जास्त मुलींपर्यंत लस पोचली. स्कॉटलंडमध्ये बारा-तेरा वर्षांच्या असताना ज्यांना लस मिळाली, त्या मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांच्यात या कॅन्सरची एकही रुग्ण सापडली नाही, असं २०२४ मध्ये जाहीर झालं.

पण अडचण होती. लस महाग आणि तीन वेळा टोचायची. गरीब देशांनी कोट्यवधी मुलींना तीन-तीन वेळा कशी द्यायची? इथं पुन्हा आपला भाग येतो. २००९ मध्ये भारतात नऊ ठिकाणी एक अभ्यास सुरू झाला. त्यात बार्शी होतं, पुणे होतं. दहा ते अठरा वर्षांच्या अविवाहित मुलींपैकी निम्म्यांना दोन डोस, निम्म्यांना तीन डोस द्यायचे आणि फरक बघायचा, असं ठरलं होतं.

एप्रिल २०१० मध्ये सरकारनं काम थांबवलं. कारण दुसरीकडचं होतं. आंध्र प्रदेशातल्या खम्मम आणि गुजरातमधल्या वडोदरा जिल्ह्यांत याच लसीचा वेगळा प्रकल्प चालू होता. तिथं लस घेतलेल्या सात मुलींचा मृत्यू झाला. चौकशी झाली. एक बुडून गेली होती, एक सापानं, कुणी मलेरियानं, कुणी विष पोटात जाऊन. लसीमुळं मृत्यू झाल्याचं निघालं नाही. पण चौकशीत एक गंभीर गोष्ट उघड झाली. वसतिगृहातल्या कितीतरी मुलींच्या कागदांवर आईबापांच्या ऐवजी वॉर्डननी सह्या केल्या होत्या. आईबापांना नीट विचारलंच नव्हतं. लोकांचा राग पेटला तो त्यावर, आणि तो रास्त होता.

काम थांबलं तेव्हा बार्शीसह नऊ ठिकाणच्या सतरा हजारांहून जास्त मुलींना लस मिळाली होती. त्यातल्या सुमारे पाच हजार मुलींचा एकच डोस झाला होता. अभ्यास मोडला असं वाटलं. पण संशोधकांनी या मुलींशी संपर्क सोडला नाही. मुली मोठ्या झाल्या, लग्न करून सासरी गेल्या, लेकुरवाळ्या झाल्या. त्यांच्या तपासण्या होत राहिल्या. २०२१ मध्ये निकाल आला. ज्या दोन मुख्य विषाणूंवर ही लस आहे, त्यांचा टिकून राहणारा संसर्ग रोखण्यात एक डोस ९५ टक्के, दोन डोस ९३ टक्के आणि तीन डोसही ९३ टक्के. तिन्ही सारखेच म्हणायचे. केनियातल्या आणि कोस्टारिकातल्या अभ्यासांतही एका डोसबद्दल असंच चांगलं चित्र दिसलं. डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की नऊ ते वीस वर्षांच्या मुलींना एक डोसही चालेल.

म्हणजे बघा, आज जगातल्या गरीब देशांतल्या मुलींना एका सुईत संरक्षण देता येतं, त्यामागं आपल्या बार्शीकडच्या लेकींचाही हात आहे. २०२२ मध्ये पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं बनवलेल्या ‘सर्व्हाव्हॅक’ या भारतीय लसीला मंजुरी मिळाली आणि २०२३ मध्ये ती बाजारात आली. बाहेरच्या लसीपेक्षा स्वस्त आहे. तरी रोजंदारीवर जाणाऱ्या बाईला बाजारातून विकत घेणं सोपं नाही, हे मला कळतं. म्हणून सरकारी लसीचीच वाट धरायची. तुमच्या भागात ती कोणत्या वयाच्या मुलींना, कुठं आणि कोणत्या दिवशी मिळते, हे आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या सिस्टरला विचारा. एकटीनं विचारलं तर उत्तर टाळता येतं. गटानं विचारलं तर टाळता येत नाही.

आणि विचारायला भिऊ नका. खम्ममच्या प्रकरणातून आपण एवढं तरी शिकायचं. लस कोणती, किती डोस, त्रास झाला तर कुणाला फोन करायचा, हे विचारणं हा आईचा हक्क आहे. कागदावर सही तुमचीच हवी, आणि वाचून, नाहीतर वाचून घेऊन. विचारणाऱ्या आईला कुणी अडाणी म्हणत असेल तर म्हणू द्या. प्रश्न विचारून, समजून घेतलेल्या लसीवर विश्वास बसतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी काहीबाही पाठवलं तरी तो हलत नाही.

बैठकांत बाया मला नेहमी विचारतात त्या काही प्रश्नांची उत्तरं इथंच देते.

‘एवढ्या लहान पोरीला ही लस कशाला? तिचं लग्न व्हायला अजून दहा वर्षं आहेत.’ म्हणूनच आत्ता. विषाणू येण्याआधी लस घेतली तरच तिचा पुरा उपयोग. धरण पाऊस यायच्या आधी बांधतात. आणि लस दिली म्हणून पोर बिघडत नाही. धनुर्वाताची सुई घेतली म्हणून कुणी गंजक्या खिळ्यावर पाय देत नाही.

‘पाळीवर परिणाम होतो का? पुढं लेकरू होईल ना?’ होईल. या लसीनं मूल होण्यात अडचण येत नाही. उलट या कॅन्सरनं आणि त्याच्या उपचारांनीच पिशवी जाते.

‘त्रास काय होतो?’ दंड दुखतो, थोडा ताप येऊ शकतो. काही मुलींना सुईच्या भीतीनं चक्कर येते. म्हणून मुलगी जेवून जावी आणि टोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं तिथंच बसवावी. तिला आधी कुठल्या औषधाची किंवा लसीची जोरात रिअ‍ॅक्शन आली असेल तर सिस्टरला आधीच सांगा. एचआयव्ही असलेल्या मुलीला जास्त डोस लागतात. गरोदरपणी ही लस देत नाहीत.

‘मग आम्ही म्हाताऱ्या होत आलेल्यांनी काय करायचं?’ याचंच उत्तर आजच्या भाषणाचं नाव आहे. लेकीला लस, आईला तपासणी. अंगात आधीच असलेला विषाणू लस काढू शकत नाही. म्हणून तीस वर्षांच्या पुढच्या बाईनं तपासणी करायची. सरकारी नियमाप्रमाणं तीस ते पासष्ट वयात दर पाच वर्षांनी एकदा. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत साधारणपणे व्हिनेगरची तपासणी असते. पिशवीच्या तोंडाला पातळ व्हिनेगर लावतात आणि मिनिटभर थांबून बघतात. बिघडलेली जागा पांढरी दिसते. टाके नाहीत, भूल नाही, पाच मिनिटांत उठून घरी. मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांवर टाटा हॉस्पिटलनं केलेल्या अभ्यासात, या तपासणीनं मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले. ती तपासणी डॉक्टरांनी नाही, शिकवून तयार केलेल्या साध्या आरोग्य सेविकांनी केली होती. लस घेतलेल्या मुलीनंही तिशीनंतर तपासणी करायचीच, कारण लस सगळ्या प्रकारच्या विषाणूंवर चालत नाही.

आता एक गोष्ट मन घट्ट करून ऐका. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीनं ऊसतोड कामगार बायकांची पाहणी केली. ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येक जणी ऐन तिशीतल्या किंवा त्याहून लहान. अंगावरून पांढरं जातंय, पोटात दुखतंय म्हणून त्या गेल्या. ‘पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल’ असं ऐकून कित्येकींनी दागिने मोडून, उचल घेऊन ऑपरेशन केलं. आपल्या लातूर-नांदेडकडून कोयत्याला जाणाऱ्या बायाही हे भोगत आल्या आहेत.

म्हणून नीट लक्षात ठेवा. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कॅन्सर नाही. बहुतेक वेळा ते साध्या गोळ्यांनी बरं होतं. भीती कॅन्सरची असेल तर आधी तपासणी, आणि तपासणीत काही दिसलं तरी लगेच पिशवी काढायची नसते. सुरुवातीचा बिघाड असेल तर तेवढीच जागा गोठवून किंवा शेकून बरी करता येते. पिशवी काढायला कुणी सांगितलं, तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका. मात्र संबंधांनंतर रक्त जाणं, दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जाणं, पाळी थांबून वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसणं, घाण वासाचं पाणी जाणं, यातलं काही असेल तर एक दिवसही घरी बसू नका. ऊस संपू द्या, सुगी होऊ द्या, असं म्हणू नका.

आणि अठराच्या आत लेकीचं लग्न करू नका. कोवळ्या वयात संबंध आणि बाळंतपणं सुरू झाली की या कॅन्सरचा धोका वाढतो. लस दिली तरी हे विसरायचं नाही.

तर येत्या बैठकीत काय करायचं? बचतीचा हिशोब झाला की वहीचं मागचं पान उघडा. डाव्या बाजूला गटातल्या घरांमधल्या नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींची नावं लिहा. उजव्या बाजूला तिशीच्या पुढच्या बायकांची. सासू, सून, विधवा बहीण, परगावाहून आलेली भावजय, कुणाला सोडू नका. ज्यांची पोरं कारखान्यावर जाणार आहेत त्यांची नावं वर लिहा, कारण त्या दिवाळीच्या सुमारास गाव सोडतील. मग आशाताईला बैठकीला बोलवा, दोन्ही याद्या तिच्यापुढं ठेवा आणि तारीख मागा. तपासणीला चार-पाच जणींनी मिळून जा. एकीची लाज दुसरीच्या सोबतीनं कमी होते. भाड्याला पैसे नसतील तर गटातून उचल द्या. मुलींच्या बापांनाही हे सगळं सांगा. सांगितलं तर बरेच जण ऐकतात.

ज्या मुलीला तुम्ही आता शेजारी बसवलं आहे, तिला काही विचारायचं असेल तर विचारू द्या. उत्तर येत नसेल तर सिस्टरकडं घेऊन जा. पुढच्या महिन्यात तुमच्या गटाची यादी किती लांब झाली, तारीख मिळाली का, आणि कुणी टाळाटाळ केली का, ते या केंद्राला कळवा. त्यावर आपण पुन्हा बोलू.